चांदूर रेल्वेची शपथ आणि पोरांवरची नजर

13 फेब्रुवारी 2020. व्हॅलेंटाईन डेच्या आदल्या दिवशी अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे इथल्या महिला कला व वाणिज्य महाविद्यालयाच्या मुलींनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक शपथ घेतली. आईवडिलांवर आपला पूर्ण विश्वास आहे. आजूबाजूला घडणाऱ्या घटना पाहता आपण प्रेमात पडणार नाही, प्रेमविवाह करणार नाही. हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही, असा तिचा मजकूर. एका तालुक्याच्या गावातली ही शपथ दोन दिवसांत देशभरच्या वाहिन्यांवर झळकली. शपथ मुलींनाच का, मुलांना का नाही, असा सवाल पंकजा मुंडे यांनी केला. प्राचार्यांसह तिघांच्या निलंबनाची बातमीही आली आणि वर्तमानपत्रांपुरतं प्रकरण मिटलं.

मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जेमतेम दहा दिवस आधी, 3 फेब्रुवारीला, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आलं होतं. 10 तारखेला ती गेली. त्या आठवड्यात वऱ्हाड-नागपूर पट्ट्यातल्या कुठल्या आईबापाला झोप लागली असेल? भीती खरी होती. इलाज मात्र जिच्या जिवाला धोका, तिच्याच तोंडून वदवून घेतला गेला. मोठ्यांनी काय करायचं, याबद्दल शपथेत एक ओळ नव्हती.

पुढे सहा आठवड्यांत टाळेबंदी आली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं शासन सांगू लागलं आणि ज्या घरांनी तोवर पोरांच्या हाती मोबाईल दिला नव्हता, त्यांनीही कर्ज काढून, एखादं बकरं विकून तो आणला. जूनच्या 29 तारखेला टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. फेब्रुवारीत प्रेमात न पडण्याची शपथ घेणाऱ्या तालुक्यात पावसाळ्यापर्यंत घरोघरची पोरं, अभ्यासाच्या निमित्ताने का होईना, साऱ्या जगाच्या पुढ्यात जाऊन बसली. त्यासाठी वेगळी शपथ कुणी तयार केली नव्हती. हे असं का होतं, हे समजायचं तर या भागात पोरांना जपण्याची रीत कशी होती आणि ती कुठे कुठे तुटत गेली, ते मागे जाऊन पाहावं लागतं.

चांदूरच्या नावाला रेल्वे चिकटली ती जिल्ह्यातल्याच चांदूर बाजारपासून त्याला वेगळं ओळखता यावं म्हणून. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून वऱ्हाडात शिरला तो कापसासाठी. अमेरिकेत 1861 ते 1865 अशी यादवी चालली, लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकदम भाव आला. 1867 मध्ये रूळ नागपूरला पोचले. बडनेरा, मालखेड, चांदूर, धामणगाव ही स्टेशनं त्याच मार्गावरची. कापसाच्या गाठी घेऊन गाडी जाऊ लागली आणि येताना व्यापारी, दलाल, मजूर, साधू, फेरीवाले, ज्यांना गावात कुणी ओळखत नाही अशी माणसं उतरवू लागली.

त्याआधी अनोळखी माणूस गावात येत नसे असं नाही. पण तो पांदणीने येई आणि वेशीपाशीच दिसे. पाटील होता, कोतवाल होता आणि त्यांच्याहून जागे असे पारावर बसलेले म्हातारे होते. पोरगं एकटं दिसलं की त्याला पहिला प्रश्न यायचा, ‘कोनाचा होय रे तू?’ वऱ्हाडात हा उद्धटपणा नव्हे. एवढ्या एका प्रश्नात घर, गल्ली, जात आणि तक्रार कुणाकडे न्यायची, हे सगळं कळून जायचं. रेल्वे आल्यावर तो प्रश्न फलाटावर गेला. विनाकारण गाडीत चढू पाहणाऱ्या पोट्ट्याला हमाल नाहीतर चहावाला कान धरून घरी पोचवायचा. नजर टिकून राहिली, ती पाराऐवजी फलाटावर बसली एवढंच.

अनोळख्याची भीती मात्र रुळांबरोबर वाढली. मोठा पूल किंवा बांध बांधायचा तर पायात पोरं गाडावी लागतात, म्हणून सरकारची माणसं पोरं पळवतात, अशा अफवा एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात जागोजागी उठत. विल्यम क्रूक या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोकसमजुतींवरच्या आपल्या पुस्तकात त्या नोंदवून ठेवल्या आहेत. पोरं धरणाऱ्या माणसांची दहशत ही काही मोबाईलने आणलेली गोष्ट नव्हे. मोबाईलने तिचा वेग बदलला, आणि त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली. त्याकडे पुढे येऊच.

या जुन्या पहाऱ्याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. गावाची नजर बाहेरून येणाऱ्यावर होती, आतल्यावर नव्हती. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये तेरा राज्यांतली पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र त्या तेरांत होता. पाहणीतल्या बारा हजारांहून अधिक मुलांपैकी 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि छळणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, त्यांच्या विश्वासातले निघाले. काका, शेजारी, शिकवणीचा मास्तर. त्यांना ‘कोनाचा तू’ विचारायचा प्रश्नच नव्हता. मुलं बोलत नव्हती, कारण बोललं की आधी त्यांचंच बाहेर जाणं बंद व्हायचं.

पत्रांचंही तसंच. घरात आलेलं पत्र आधी वडील फोडत. वयात आलेल्या मुलीच्या नावाचं आंतर्देशीय पत्र तर फोडूनच तिच्या हातात पडायचं. आकाशवाणीच्या फर्माइशी गाण्यांत अमरावती, अकोल्याच्या गावांसह श्रोत्यांची नावं वाचली जायची, मासिकांतून पत्रमैत्री जुळायची. त्यातून पोरांना बाहेरच्या जगाचा वारा लागायचा खरा, पण पोस्टमन दारात उभा राहायचा. सुरक्षा आणि हेरगिरी यांत फरक करण्याची कुणाला गरज वाटली नाही. घरातल्या मोठ्यांना सगळं माहीत असतं, हे गृहीतच होतं.

ते गृहीत पहिल्यांदा मोडलं सायबर कॅफेत.

15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. 2001 च्या सुमारास महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्या-तालुक्याच्या गावांत संगणकाची केंद्रं निघाली. नोकरीसाठी प्रमाणपत्र लागतं, एवढं कळल्यावर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने पोरगी असो की पोरगा, फी भरली. केंद्राच्या शेजारी कॅफे आला. प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेली खोपटी, त्यावर पडदा, आत एक खुर्ची आणि एक संगणक. बापाला वाटायचं पोरगं कॉम्प्युटर शिकून रायलं. ते शिकतही होतं. पण त्या फळीच्या आत काय चालतं हे पाहणारा गावात कुणी उरला नव्हता. कॅफेवाल्याला घड्याळ आणि गल्ला एवढंच दिसत होतं.

या फळ्यांची दखल आपल्याकडे फार लवकर घेतली गेली, ही आज कुणाच्या ध्यानात नसलेली गोष्ट. 2001 मध्ये दोघा नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहून इंटरनेटवरच्या अश्लील मजकुराबद्दल तक्रार केली. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि एक समिती नेमली. मुलांना अयोग्य मजकुरापासून कसं वाचवावं, यावर समितीने जानेवारी 2002 मध्ये अहवाल दिला. फेसबुक तेव्हा जन्मलंही नव्हतं. समितीचं म्हणणं साधं होतं: अठराच्या आतल्या मुलांनी कॅफेत बंद खोपट्यात बसू नये, सगळ्यांना दिसेल अशा मोकळ्या जागेतल्या यंत्रावर बसावं, त्या यंत्रांत गाळणी बसवावी, येणाऱ्याची ओळख पटवावी आणि नोंद ठेवावी.

नीट पाहिलं तर यात पाराचीच नजर कॅफेत आणून बसवण्याचा प्रयत्न आहे. फळी काढा, चारचौघांत बसवा, नाव विचारा. काही शहरांत पोलिसांनी नोंदवह्या सक्तीच्या केल्या, कॅफेवाल्यांनी त्या कधी भरल्या, कधी नाही. पण समितीच्या अहवालाची मेख अशी की तो जागेवर उभा होता. इंटरनेट म्हणजे जिथे जाऊन बसायचं अशी एक खोली, असं त्यात गृहीत होतं. दहा वर्षांत खोलीच राहिली नाही.

जानेवारी 2004 मध्ये ऑर्कुट आलं. एकमेकांच्या ‘स्क्रॅपबुक’वर सगळ्यांना दिसेल असं लिहिण्याची त्यातली सोय कॉलेजच्या पोरांना फार आवडली. शिवाजी महाराजांबद्दलच्या एका अवमानकारक कम्युनिटीवरून नोव्हेंबर 2006 मध्ये पुण्यासह काही ठिकाणी सायबर कॅफे फोडले गेले. सोशल नेटवर्किंगचं नाव मराठी घरांत पहिल्यांदा पोचलं ते असं, काचा फुटण्याच्या आवाजाबरोबर. ऑगस्ट 2007 मध्ये मुंबईतल्या एका सोळा वर्षांच्या मुलाचं अपहरण होऊन खून झाला. ओळख ऑर्कुटवरून झाल्याचं तपासात पुढे आल्याच्या बातम्या होत्या. 2012 मध्ये सत्र न्यायालयाने चौघा आरोपींना निर्दोष सोडलं. खटला टिकला नाही, पण आईबापांच्या मनात ऑर्कुट हा शब्द त्या बातमीला कायमचा जोडला गेला. ऑर्कुट पुढे 30 सप्टेंबर 2014 ला बंद पडलं, तोवर पोरं केव्हाच फेसबुकवर गेली होती.

फेसबुकने तेरा वर्षांची अट ठेवली होती. ही तेराची रेषा काही मुलांच्या मानसशास्त्राचा अभ्यास करून आलेली नाही. अमेरिकेने 1998 मध्ये केलेल्या कायद्याप्रमाणे तेराच्या आतल्या मुलांची माहिती गोळा करायची तर पालकांची संमती लागते. ती कटकट टाळायला कंपन्यांनी तेराच्या आतल्यांना दारच बंद केलं. भारतात सज्ञान व्हायला अठरा लागतात. मग अठराच्या आतलं मूल कंपनीशी करार कसं करतं, हा प्रश्न के. एन. गोविंदाचार्य यांच्या याचिकेमुळे 2013 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात उपस्थित झाला. न्यायालयाने फेसबुकला तेराच्या आतल्यांना प्रवेश नाही, अशी सूचना ठळक दाखवायला सांगितलं. सूचना लागली. जन्मसाल मात्र मुलंच भरत राहिली, आणि पुष्कळदा त्यांच्या शेजारी बसून काका किंवा मोठी बहीण ते खोटं साल सुचवत राहिली. दाखल्यावर वय वाढवून शाळेत घालण्याची सवय जिथे दोन पिढ्यांची, तिथे यात कुणाला चूक वाटण्याचं कारण नव्हतं.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं आणि डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला. त्याआधी 15 ऑगस्टला राज्याने जिल्ह्या-जिल्ह्यांत सायबर लॅब उघडल्या होत्या. पुढे त्यांची सायबर पोलीस ठाणी झाली. 2017 च्या उन्हाळ्यानंतर, मुलांना जीव द्यायला लावतो असं म्हटलं जाणाऱ्या ‘ब्ल्यू व्हेल’ नावाच्या खेळाने आईबापांची झोप उडवली. मुंबईत अंधेरीच्या एका मुलाच्या मृत्यूशी त्याचा संबंध जोडला गेला. शाळांनी सूचना काढल्या, व्हॉट्सॲपवर इशारे फिरले. जानेवारी 2018 मध्ये गृहराज्यमंत्री हंसराज अहिर, म्हणजे आपल्याच चंद्रपूरचे खासदार, यांनी लोकसभेत सांगितलं की तज्ज्ञांच्या समितीला तपासलेल्या कुठल्याही घटनेत त्या खेळाचा सहभाग सिद्ध करता आला नाही. हे उत्तर कुणी फॉरवर्ड केलं नाही.

त्याच वर्षी राईनपाडा घडलं. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं हे गाव. 1 जुलै 2018, रविवारच्या बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेले, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. महाराष्ट्रात आणि बाहेरही त्या उन्हाळ्यात असे प्रकार घडत होते आणि त्यांच्या मागे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रफिती होत्या. त्यांतली एक फार पाहिली गेली: मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. ती मुळात कराचीत तयार झालेली जनजागृतीची फिल्म होती. पूर्ण फिल्ममध्ये ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो. कुणीतरी शेवट कापला.

पालकांना सावध करण्यासाठी केलेली फिल्म शेवट कापून पाठवली गेली, आणि पालकांनीच सावध होऊन माणसं मारली. पोरांच्या सुरक्षेच्या नावावर येणारा प्रत्येक संदेश पोरांना सुरक्षित करतोच असं नाही, हे याहून कठोरपणे कशाने सांगितलं असतं? व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एकावेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. घरातल्या पोराला ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ म्हणणारा बाप अनोळखी माणसाने केलेली चित्रफीत खात्री न करता चाळीस जणांना पाठवतो. पोरं हे पाहत असतात.

राईनपाड्याच्या जमावाने शोधलेला राक्षस झोळी घेऊन येणारा होता, क्रूकच्या काळचा. खऱ्या धोक्याचं रूप एव्हाना बदललं होतं. अमरावती-अकोल्याच्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर ‘इन्स्टाग्रामवरची ओळख’ हे शब्द आता नेहमीचे झाले आहेत. त्यामागची रीत साधारण ठरलेली असते. समवयस्क मुलीच्या नावाचं फेक अकाउंट. आधी रीलवर कौतुकाची कमेंट. मग इनबॉक्समध्ये रोजचं बोलणं, घरातल्या भांडणाची विचारपूस, परीक्षेच्या वेळी धीर. दोन-तीन आठवडे काहीच वावगं नाही. त्यानंतर दुसऱ्या ॲपवर यायचा आग्रह, ‘हे आपल्यातच ठेव’ असं बजावणं आणि एखादा फोटो. एकदा फोटो गेला की बोलण्याचा सूर बदलतो: आणखी पाठव, नाहीतर पैसे दे, नाहीतर हा तुझ्या बापाला पाठवतो. मुलींबाबत मागणी बहुधा फोटोंची आणि भेटीची असते, मुलांबाबत पैशांची. गेम खेळता खेळता बोलण्याची सोय असते तिथेही हेच.

या साखळीत एक कडी गुन्हेगाराच्या हातात नसते, ती घरात असते. ‘तुझ्या बापाला सांगतो’ ही धमकी चालते, कारण बाप मोबाईल हिसकावेल, शाळा सोडवेल, कदाचित मारेल, याची मुलाला पक्की खात्री असते. चांदूर रेल्वेच्या शपथेत आईवडिलांवरच्या विश्वासाचा उच्चार होता. मुलीने काही चुकून केलं तर तिला घरी काय वागणूक मिळेल, याची हमी मात्र आईवडिलांनी कुठे दिली नव्हती. उलट, शपथ मोडली असं वाटणारी मुलगी सगळ्यात उशिरा तोंड उघडेल. समजा मुलींच्या मनात ती शपथ खोल रुतली असती, तर तिचा पहिला लाभ धमकावणाऱ्यालाच झाला असता.

टाळेबंदीनंतर गावांनी आपापले उपाय काढले, आणि त्यांतले दोन शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसायची, मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा. सुरुवातीला माणसं घरोघर जाऊन आठवण करायची. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने अठराच्या आतल्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी करणारा ठराव केला. मुलं गेमच्या नादी लागली, शाळेकडे लक्ष नाही, हे कारण. दोन्ही गावांची तळमळ सारखीच. फरक इतकाच की वडगावने नियम सगळ्या गावाला लावला आणि बांशीने पोरांना. बंदी घालणाऱ्या सभेतल्या किती जणांच्या खिशात त्या क्षणी फोन वाजत होता, हे विचारायला हरकत नसावी.

वऱ्हाडाला वडगावचा भोंगा परका वाटायला नको. चांदूर रेल्वेच्या शेजारच्या तिवसा तालुक्यात मोझरी आहे, तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली, ती संध्याकाळचीच. लहानमोठे, बायाबापड्या एका ओळीत बसत, टोपी घालून पोट्टेही येत. तिथे कुणी कुणावर पहारा करत नव्हतं, तरी कुणाच्या घरचं पोर आज आलं नाही, कोण गप्पगप्प आहे, हे सगळ्यांना दिसायचं. पुष्कळ गावांत ती प्रार्थना अजून होते. तिला येणाऱ्यांची संख्या रोडावली आहे, आणि जे येत नाहीत ते त्या वेळी कुठे पाहत असतात हे सांगायला नको.

शाळांकडूनही एक धागा जोडला गेला. 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने राज्यातल्या शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या करायच्या ठरल्या. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण आणि त्यानंतर किती ठिकाणी ही समिती कागदावरच होती, हे साऱ्यांनी वाचलं. पालकसभेत या समितीचे सदस्य कोण, एवढा प्रश्न विचारला तरी बऱ्याच शाळांत धांदल उडेल.

कायदा मात्र या वीस वर्षांत बराच चालला, पालकांच्या पुढे चालला असंही म्हणता येईल. 2008 च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 67ब आलं. मुलांचं अश्लील चित्रण बनवणं, पाहण्यासाठी शोधणं, पुढे पाठवणं यावर पहिल्या गुन्ह्यालाच पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. ‘या नराधमाला ओळखा, सगळीकडे पाठवा’ म्हणून एखाद्या मुलाच्या छळाची चित्रफीत गावच्या ग्रुपवर टाकणारा सज्जन माणूसही यात अडकतो, आणि त्या मुलाचं नुकसान करतो ते वेगळंच. 14 नोव्हेंबर 2012 ला मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागू झाला. त्याप्रमाणे मुलाच्या संमतीचा प्रश्नच उठत नाही. फोटो तिनेच पाठवला होता, हे उत्तर आरोपीच्या कामाचं नाही. गुन्हा घडल्याचं कळूनही न कळवणं हाही गुन्हा आहे. म्हणजे घराण्याची अब्रू जाईल म्हणून प्रकरण दाबणारे मोठे कायद्याच्या लेखी निर्दोष नाहीत.

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. त्याने रेषा तेरावरून अठरावर आणली: अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर पडताळता येईल अशी पालकांची संमती हवी, मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत, आणि मोडल्यास कंपनीला 200 कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. ही बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर 2025 पासून सोळाच्या आतल्यांची खातीच बंद करायला कंपन्यांना भाग पाडलं. खोटं जन्मसाल सुचवणारा काका आपल्याकडे या कायद्याला कसा भेटतो, ते दिसेलच.

तोवर चांदूर रेल्वेच्या एखाद्या घरात रात्री अकरा वाजता पोरगी रडत फोन आईपुढे धरते, तेव्हा काय करायचं, हा प्रश्न उरतो. पहिली गोष्ट, काहीही पुसायचं नाही: चॅट, खात्याचं नाव, नंबर, पैशांच्या मागणीचा संदेश, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवायचे. पैसे द्यायचे नाहीत, दिल्याने मागणी थांबत नाही. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर लगेच फोन करायचा. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक, 1996 मध्ये मुंबईत सुरू झालेला. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. ती मुलाच्या फोनमधल्या फोटोचा फक्त आकडी ठसा घेते, फोटो फोनबाहेर जात नाही, आणि त्या ठशावरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या तो फोटो आपल्याकडे शोधून काढून टाकतात.

तक्रारीसाठी अमरावतीच्या सायबर ठाण्यापर्यंत जायलाच पाहिजे असंही नाही. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, जवळच्या ठाण्याला तो नोंदवावा लागतो. ‘पोरीला पोलीस ठाण्यात नेऊ का?’ ही आईची धास्ती पॉक्सो लिहिणाऱ्यांना माहीत होती. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि तिने त्या वेळी गणवेशात असायचं नाही. आई-वडील किंवा मुलाचा भरवशाचा दुसरा कुणी शेजारी बसतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, आणि त्याचं नाव, शाळा, फोटो किंवा पत्ता वर्तमानपत्राला छापता येत नाही.